शाळेच्या लायब्ररीचा चार्ज मिळालाय? पुस्तकं विकत घेण्याआधी हे वाचा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की कामांचं वाटप होतं आणि कुणातरी मराठीच्या नाहीतर चित्रकलेच्या शिक्षकाला सांगतात की यंदापासून लायब्ररी तुमच्याकडे. सोबत चाव्यांचा जुडगा, एक फाटकं दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाचा नंबर आणि माहिती टिपायची वही) आणि "बघा जरा, काही लागलं तर सांगा" एवढंच. नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत पूर्णवेळ ग्रंथपाल नाही, त्यामुळे हे लिखाण अशा शिक्षकांसाठी आणि नुकतंच बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करून शाळेत लागलेल्या मुलामुलींसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. चार्ज मिळाल्यावर सगळ्यांना पहिली घाई होते ती नवीन पुस्तकं घ्यायची, यादी करायची, दुकानात जायचं. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. संग्रह वाढवणं आणि सांभाळणं म्हणजे आपली मुलं कोण आहेत ते ओळखणं, आपल्याकडे काय आहे ते बघणं, नको ते काढणं, आणि मग जे कमी पडतंय तेवढंच आणणं. हा क्रम उलटा झाला की कपाट भरलेलं दिसतं आणि पोरं मात्र तीच पंधरा-वीस पुस्तकं आलटून पालटून नेत राहतात.

आधी कपाट उघडा

पहिल्या आठवड्यात एकही पुस्तक घेऊ नका. दाखल रजिस्टर घ्या आणि रॅकवरची पुस्तकं त्याच्याशी ताडून बघा. दोन मुलं सोबत घेतली, आठवी-नववीची, एकाने नंबर वाचायचा दुसऱ्याने खूण करायची, तर काम भराभर होतं. चार्ज घेतानाच हे केलं नाही तर पुढे ऑडिटला "ही पुस्तकं कुठायत" हा प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार, आधीच्या माणसाला नाही. जी सापडत नाहीत त्यांची वेगळी यादी करून मुख्याध्यापकांची सही घेऊन ठेवा.

हे करताना प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान उघडा. तिथे तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती चिठ्ठी खूप काही सांगते. कोरी असेल तर पुस्तक आल्यापासून कुणीच नेलं नाही. शिक्क्यांनी भरलेली असेल आणि पुस्तक खिळखिळं झालं असेल तर त्याची दुसरी प्रत हवी. चिठ्ठ्याच नसतील तर आजपासून चिकटवायला लागा, एका ए-फोर कागदात आठ होतात, त्याला काही खर्च नाही.

मग एक छोटं गणित करा. समजा तुमच्याकडे १००० पुस्तकं आहेत, त्यातली २०० चरित्रं, म्हणजे २० टक्के. आणि वर्षभराच्या देवघेव रजिस्टरमध्ये ५०० नोंदी आहेत, त्यात चरित्रं २५ वेळा गेली, म्हणजे ५ टक्के. याउलट विज्ञानाची पुस्तकं फक्त ५० आहेत म्हणजे ५ टक्के, पण ती १०० वेळा गेली, म्हणजे २० टक्के. आता पुढचे पैसे कुठे घालायचे हे मीटिंगमध्ये वाद न घालता कळतं. मला विचाराल तर नवख्या माणसाने पहिल्या वर्षात बाकी काही नाही शिकलं तरी चालेल, हे एवढं गणित शिकावं.

मुलं कोण आहेत

इथे नाशिकच्या शाळा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत, त्यामुळे दुसऱ्या शाळेची यादी कॉपी करून चालत नाही. गंगापूर रोडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं, त्यांना मोठ्या टाइपातली, कमी मजकुराची मराठी पुस्तकं लागतात, जरी ती सहावीत असली तरी. सातपूर-अंबडच्या एमआयडीसी भागात घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी कितीतरी मुलं मराठी शाळेत येतात. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या आश्रमशाळांत मुलं घरून कोकणा नाहीतर इतर आदिवासी बोली घेऊन येतात आणि पहिलीत एकदम पुस्तकी मराठी समोर येतं. मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, तिथलं कपाट उर्दूत भरलेलं हवं आणि सोबत मराठी शिकायला सोपी पुस्तकं हवीत. शिवाय निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला हंगामात कुटुंबं येतात, त्यांची पोरं मधेच शाळेत येतात आणि मधेच जातात. अशा मुलांना घरी पुस्तक द्यायचं का, हरवलं तर काय, हा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे, द्यायचं. हरवायच्या भीतीने कुलपात ठेवलेलं पुस्तक मुलांच्या दृष्टीने हरवलेलंच असतं.

मुलांना थेट विचारा पण "तुम्हाला कोणती पुस्तकं आवडतात" असं विचारलं तर ती तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात, थोर पुरुषांची चरित्रं वगैरे. त्यापेक्षा एक डबा ठेवा आणि त्यात चिठ्ठी टाकायला सांगा की कशाबद्दल वाचायचंय. साप, क्रिकेट, भूत, मोबाइल कसा चालतो, ट्रॅक्टर, मेकअप, काहीही चालेल. नाव लिहायचं नाही. या चिठ्ठ्या वर्गवार वेगळ्या करून ठेवा, खरेदीच्या वेळी लागतात.

शिक्षकांना एप्रिलमध्येच विचारा, जूनमध्ये त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. परिसर अभ्यासाला काय लागतं, विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी मुलं काय शोधतात, वक्तृत्व स्पर्धेला दरवर्षी तीच दोन पुस्तकं कशी पुरवावी लागतात, हे त्यांना माहीत असतं.

एका पानाचं धोरण

धोरण म्हटलं की लोक घाबरतात. एक पान लिहायचं, बास. लायब्ररी कोणासाठी, कोणत्या भाषांतली पुस्तकं घेणार, काय घेणार नाही (गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, वर्कबुक हे लायब्ररीच्या पैशातून नाही असं मी लिहीन), पुस्तक कोण निवडणार, देणगी कशी घेणार, जुनी पुस्तकं कशी काढणार, आणि एखाद्या पुस्तकावर आक्षेप आला तर काय करणार. समितीत मुख्याध्यापक, दोन शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक आणि शक्य असेल तर नववीची दोन मुलं घ्या.

आक्षेपाचं कलम लोक विसरतात. कधीतरी एखादे पालक येतात, हे पुस्तक काढून टाका म्हणतात, आणि घाईघाईत ते कपाटातून गायब होतं. असं करू नका. शांतपणे ऐकून घ्या, तक्रार लेखी मागा, कोणतं पान, काय हरकत ते. मग समितीतल्या सगळ्यांनी पुस्तक पूर्ण वाचायचं, फक्त दाखवलेलं पान नाही, आणि मग ठरवायचं. तोपर्यंत पुस्तक रॅकवरच राहतं. लेखी धोरण आधीपासून असेल तर हे भांडण व्यक्तीवर येत नाही.

जुनं काढणं

सगळ्यांना नकोसं वाटणारं पण सगळ्यात फरक पाडणारं काम हे आहे. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात, त्यामुळे पुस्तक काढायचं म्हटलं की हात थरथरतो. ती भावना चांगलीच आहे, पण चुकीची माहिती मुलाच्या हातात देणं हे सुद्धा पाप आहे असं मला मनापासून वाटतं.

काय काढायचं त्याच्या खुणा सोप्या आहेत. नकाशात धुळे जिल्हा नंदुरबारसकट दाखवलाय? मग तो १९९८ च्या आधीचा. पालघर वेगळा नाही, म्हणजे २०१४ च्या आधीचा, तेलंगणाचंही तसंच. ग्रह नऊ लिहिलेत, तर २००६ च्या आधीची माहिती, तेव्हा प्लुटोला बटुग्रह ठरवलं. कॉम्प्युटरच्या पुस्तकात फ्लॉपीवर धडा आहे, काढा. अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं तर गठ्ठ्याने पडलेली असतात, काढा. बुरशी आलेली, पानं पिवळी पडून तुटणारी, तीही काढा, त्यातली चांगली असतील तर नवीन प्रत घ्या.

जगभरच्या लायब्ऱ्यांत यासाठी प्रश्न ठरलेले असतात. माहिती दिशाभूल करणारी आहे का, पुस्तक दिसायला वाईट झालंय का, याहून नवीन आवृत्ती आलीय का, मजकूर फुटकळ आहे का, आपल्या मुलांच्या काही कामाचं आहे का, आणि दुसरीकडे सहज मिळतं का. हा शेवटचा प्रश्न नाशिक शहरातल्या शाळांना विशेष उपयोगी. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे, जाडजूड संशोधन ग्रंथ आणि दुर्मिळ जुनी पुस्तकं शाळेने सांभाळत बसायची गरज नाही, मुलाला खरंच लागलं तर तिकडे घेऊन जाता येतं.

काही मात्र काढायचं नाही, चिठ्ठी कोरी असली तरी. शाळेच्या स्वतःच्या स्मरणिका आणि हस्तलिखितं, गावाचा इतिहास, शब्दकोश.

पद्धत पाळा. पुस्तक परस्पर रद्दीत घालायचं नाही. यादी करायची, दाखल नंबर, नाव, किंमत, काढण्याचं कारण. समितीचा ठराव घ्यायचा, संस्थेची किंवा विभागाची निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून रीतसर कमी करण्याची, जी रीत असेल तशी मंजुरी घ्यायची, मग दाखल रजिस्टरमध्ये त्या नंबरासमोर लाल शाईने "निर्लेखित" आणि ठरावाची तारीख. पुस्तकावर रद्द असा शिक्का. तो दाखल नंबर पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला कधीच द्यायचा नाही. आणि पहिल्याच वर्षी सगळं साफ करायला जाऊ नका, एका वर्षी दोन-तीन विषय पुरे.

पैसे आणि निवड

समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांना लायब्ररीसाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदान धरलेलं आहे, शाळा कितवीपर्यंत आहे त्यावर रक्कम ठरते. काही वेळा पुस्तकांची यादी वरूनच येते आणि आपल्या हातात निवड उरत नाही. अशा वेळी शाळेचा इतर निधी, माजी विद्यार्थी, जवळच्या कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी, हे निवडीच्या पुस्तकांसाठी राखून ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत लायब्ररी असावी आणि तिथे वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलंय, निधी मागताना ते वाक्य अर्जात घाला.

इफ्ला या लायब्ऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ च्या मार्गदर्शिकेत दर विद्यार्थ्यामागे दहा पुस्तकं असा आकडा होता. आपल्याकडे ४०० मुलांच्या शाळेत ४००० पुस्तकं म्हणजे मोठी उडी वाटेल, आणि आकड्यासाठी स्वस्तातले गठ्ठे घ्यायचा मोह होईल. नका घेऊ. ३०० चांगली पुस्तकं जी फिरतात ती बरी.

दहा हजार रुपये हातात असतील तर मी निम्मे गोष्टींच्या आणि चित्रपुस्तकांना देईन, पाव माहितीपर पुस्तकांना, आणि उरलेल्यात मासिकांची वर्गणी आणि दुसऱ्या प्रती. अनुदानाच्या पत्रात परवानगी असेल तर बाइंडिंग आणि डिंक-कव्हरसाठीही थोडे ठेवा. सगळे पैसे मार्चमध्ये एका दिवसात उडवायची सवय मोडा. अर्धे जून-जुलैत, अर्धे दिवाळीनंतर, कारण मधल्या काळात मुलं काय नेतात ते कळलेलं असतं.

निवडताना पुस्तक हातात घ्या, नुसत्या कॅटलॉगवरून नको. शिलाई आहे की नुसतं डिंकाने चिकटवलंय ते उघडून बघा, डिंकाचं पुस्तक एका सत्रात पानं सोडतं. एक पान मोठ्याने वाचा, वाक्यं जिभेवर अडखळत असतील तर भाषांतर कच्चं आहे. वयाचा अंदाज येत नसेल तर पाच बोटांची युक्ती करा, मुलाला एक पान वाचायला द्यायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाच बोटं झाली तर ते पुस्तक त्याच्यासाठी अजून जड आहे. चित्रं नीट बघा. आई कायम स्वयंपाकघरात आणि आदिवासी माणूस कायम नाचताना असं दाखवणारं पुस्तक सुरगाण्याच्या मुलीच्या हातात द्यायला मला जड जातं.

मराठीत मुलांसाठी चांगलं काम होतंय. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, प्रथम बुक्सची स्वस्त पातळ पुस्तकं, भोपाळच्या एकलव्यची हिंदी पुस्तकं, इथून सुरुवात करा. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, वर्गणी भराच, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या वेबसाइटवर मराठीसकट कितीतरी भाषांतल्या गोष्टी मोफत आहेत आणि त्या छापून वापरायलाही परवानगी आहे, फक्त लेखक-चित्रकाराचं श्रेय ठेवायचं. ज्या बोलीत छापील पुस्तक मिळत नाही तिथे मुलांकडूनच घरच्या गोष्टी लिहून घ्या, चित्रं काढून घ्या, बाइंडिंग करा आणि त्यालाही रीतसर दाखल नंबर द्या.

कमी दिसणाऱ्या मुलांना विसरू नका, नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं काम सातपूरला चालतं, ब्रेल आणि ऑडिओ पुस्तकांबद्दल तिथे चौकशी करता येते.

दुकानदाराकडून तीन कोटेशन घ्या आणि लायब्ररीची सूट मागा, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. बिलातली आवृत्ती आणि आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) हातातल्या पुस्तकाशी जुळतो का ते बघूनच सही करा.

देणग्या

माळा साफ केला की लोकांना शाळा आठवते. मन चांगलं असतं, पण गोण्यांत निघतात जुनी पाठ्यपुस्तकं, इंजिनिअरिंगच्या नोट्स आणि पंचांगं. धोरणात एक ओळ हवी, आलेल्या पुस्तकांतली कोणती ठेवायची हे लायब्ररी ठरवेल, उरलेली दुसरीकडे दिली जातील. हे आधी हसतमुखाने सांगा. निवड होईपर्यंत दाखल नंबर टाकू नका, एकदा टाकला की काढायला ठराव लागतो. त्यापेक्षा देणगीदाराला यादी द्या, वाढदिवसाला यातलं एक पुस्तक शाळेला द्या म्हणा, लोक आनंदाने देतात.

नोंद आणि मांडणी

हे थोडक्यात. शिक्का, दाखल नंबर, रजिस्टरमध्ये तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत, बिल नंबर. बिलावरही दाखल नंबर लिहा. सोबत एक्सेलमध्ये तेच भरत जा, पुस्तकं खूप झाली तर एनआयसीचं ई-ग्रंथालय किंवा कोहा ही लायब्ररीची सॉफ्टवेअर बघता येतील, सुरुवातीला एक्सेल पुरतं. ड्युईचे नंबर (पुस्तकांना विषयवार आकडे द्यायची पद्धत) मोठ्या शाळेत ठीक, प्राथमिकला कण्यावर रंगीत पट्ट्या लावा, हिरवी प्राणी, लाल गोष्टी, असं. खालचे दोन कप्पे लहान मुलांसाठी, आणि काही पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवा, ती नक्की जातात.

एक कप्पा नाशिकचा करा. गोदावरी, पांडवलेणी, १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके, सिन्नर तालुक्यातले वामनदादा कर्डक, कुसुमाग्रज, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेलं नांदूरमध्यमेश्वर, लासलगावचा कांदा. यातल्या खूप गोष्टींवर मुलांसाठी पुस्तकच नाही, म्हणून वर्तमानपत्रांची कात्रणं विषयवार फाइलमध्ये लावा, वर तारीख आणि पेपरचं नाव लिहून. आता सिंहस्थाच्या बातम्या भरपूर येतायत, दहा वर्षांनी त्या कुठे मिळणार नाहीत.

पावसाळा

इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडच्या शाळांना हे जास्त लागू. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून वर हवा, पुस्तकं घट्ट कोंबू नका, हवा खेळली पाहिजे. ऊन पडलं की दारं उघडी ठेवा, पण पुस्तकं थेट उन्हात वाळवू नका, पानं वाकडी होतात. बुरशी दिसली तर ते पुस्तक लगेच वेगळं करा आणि मोकळ्या हवेत मऊ ब्रशने झाडा, तोंडाला मास्क लावून, हे काम मुलांना देऊ नका. कसर आणि वाळवीसाठी महिन्यातून एकदा कपाटाच्या मागे टॉर्च मारून बघा. डांबरगोळ्या मुलं बसतात त्या खोलीत नकोत, विषारी असतात, आणि लहान पोरं गोळी समजून तोंडात घालू शकतात. फाटलेल्या पानाला साधी सेलोटेप लावू नका, काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग राहतो, पातळ कागद आणि खळ वापरा.

वर्षाचं वेळापत्रक

मार्चअखेर सगळी पुस्तकं परत मागवा, एप्रिलमध्ये स्टॉक मोजा आणि शिक्षकांच्या याद्या घ्या, निर्लेखनाचा ठराव तेव्हाच करून टाका. जूनमध्ये पहिली खरेदी. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दोन दिवसांना साहेब लोक येतात, निधीची मागणी, देवघेवीचे आकडे आणि हव्या असलेल्या पुस्तकांची यादी तयार ठेवून तेव्हाच त्यांच्या हातात द्या. आणि चार्ज दुसऱ्याकडे जाणार असेल तर रजिस्टरसोबत ते एका पानाचं धोरण, मुलांच्या चिठ्ठ्या, अर्धवट राहिलेल्या निर्लेखनाची यादी आणि एक्सेल फाइलही द्या, नुसत्या चाव्या देऊ नका.